सिंकखालची बादली

भावजी : पाणी नको, वहिनी. चहाही नको. आधी एवढंच सांगा, सिंकखाली ती बादली का ठेवलीये?

वहिनी : सकाळी सकाळी धापा टाकत आलात ते बादलीची चौकशी करायला? बसा तरी. चपला पायातच आहेत तुमच्या.

भावजी : राहू देत. ती निळी बादली. परवा जेवायला आलो तेव्हाही तिथेच होती. काठोकाठ भरलेली.

वहिनी : असेल. स्वयंपाकघरात बादली असू नये की काय?

भावजी : असावी की. पण तुमच्याकडे ती दर वर्षी नसते.

वहिनी : म्हणजे?

भावजी : आई कुठेय?

वहिनी : मागच्या गॅलरीत, पालक निवडतायत. तुमचे दादा शाळेत शिकवायला गेले. का?

भावजी : दार लोटून घेतो जरा.

वहिनी : भावजी, काय झालंय? कडी लागत नाहीये तुम्हाला.

भावजी : शेअर बाजारातून फोन आला होता. दक्षता विभागातून. माणूस इतका गोड बोलला, इतका गोड, की मी सावधच झालो. म्हणाला, तुमच्या घरी हवामान खात्यात कुणी आहे का हो?

वहिनी : तुम्ही काय सांगितलंत?

भावजी : म्हटलं, वहिनी आहेत. लपवून काय उपयोग, त्याला माहीतच होतं. मग म्हणाला, पावसाळ्याचा अंदाज त्याच करतात ना? आज दुपारी जाहीर होणार आहे तो? म्हटलं, त्या एकट्या नाही करत, पाच-सहा जण असतात. तर म्हणाला, हो, पण सही त्यांची असते.

वहिनी : आणि हे सगळं त्याला आजच कशाला हवं होतं?

भावजी : मी पाऊस-सौदा केलाय.

वहिनी : काय?

भावजी : कमी पावसाचा, अंदाज तसा आला तर पैसे मिळतात. मोठा.

वहिनी : तुम्ही मला शब्द दिला होतात. शेअर घ्या, विका, रात्रंदिवस त्या बाजारात काय हवा तो गोंधळ घाला, पण पावसावर पैसे लावायचे नाहीत. याच टेबलावर बसून बोलला होतात.

भावजी : शब्द असा होता की तुम्हाला काही विचारणार नाही. विचारलं का कधी? आठवा. एका शब्दानं विचारलं?

वहिनी : नाही विचारलंत.

भावजी : आणि तुम्ही सांगितलंत का कधी?

वहिनी : देव साक्षी आहे, नाही. अंदाजाचं काम सुरू झालं की तो जाहीर होईपर्यंत मी घरात पावसाचं नाव काढत नाही. तुमच्या दादांजवळसुद्धा नाही. त्या दिवसांत छत्री दुरुस्तीला टाकायची असली तरी मी थांबते.

भावजी : छत्रीचं सांभाळलंत, वहिनी. बादलीचं राहिलं.

वहिनी : मला समजेल असं बोला.

भावजी : तीन पावसाळे मागे आठवा. तुम्ही भाजी धुतलेलं पाणी सिंकखाली बादलीत साठवायला लागलात. ते झाडांना घालायचात. मी थट्टाही केली होती, की आमच्या वहिनींच्या कुंड्यांना पालकाचं सूप मिळतं. आठवड्यानं तुमचा अंदाज आला, पाऊस कमी. पुढच्या वर्षी पुन्हा बादली. पुन्हा अंदाज आला, कमी. मागच्या वर्षी बादली गायब, न्हाणीत पालथी घातलेली. आणि अंदाज, भरपूर. तुमच्या खात्याकडे उपग्रह असतील, माझ्याकडे ही निळी बादली आहे.

वहिनी : अगं बाई.

भावजी : बसा तुम्ही.

वहिनी : मला खरंच कधी लक्षात आलं नाही हो. तो आकडा एकदा डोळ्यांनी बघितला ना, की नळ मोकळा सोडवत नाही. लोकांना नंतर कळणार, मला आज कळलंय. मग मी आजपासून पाणी वाया कसं घालवू? एवढंच मनात असायचं. मला वाटायचं, जीभ आवरली की सगळं आवरलं.

भावजी : माझंही मन सांगायचं, यात पाप नाही. कुणी काही बोललं नाही, कुणी काही ऐकलं नाही. भावाच्या घरी जेवायला गेलो आणि बादली दिसली.

वहिनी : म्हणजे त्या दोन्ही वर्षी तुम्ही…

भावजी : हो.

वहिनी : आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन?

भावजी : त्यातूनच.

वहिनी : आणि मी शेजारीपाजारी सांगत फिरले, माझा दीर बघा, आईसाठी केवढं केलं त्यानं. ज्या डोळ्यांनी त्या मला बघतात…

भावजी : आता ते नका काढू. आधी आजचं बघा. बाजार उघडायला अजून थोडा अवकाश आहे. उघडला की अंदाज येईपर्यंत सौदा हलवता येतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. मला एवढंच पक्कं करायचंय, की ती बादली तीच आहे ना? त्यासाठीच ठेवलीये ना?

वहिनी : मी याचं उत्तर देऊ शकत नाही.

भावजी : बादलीबद्दल विचारतोय हो! पावसाबद्दल नाही.

वहिनी : आता तुम्ही जे सांगितलंत, त्यानंतर बादलीबद्दल बोलणं म्हणजे पावसाबद्दल बोलणंच आहे.

भावजी : हो किंवा नाही. मानेनं सांगा.

वहिनी : नाही.

भावजी : नाही म्हणजे? त्यासाठी नाही?

वहिनी : नाही म्हणजे सांगणार नाही! अर्थ काढू नका हो माझ्या शब्दांचे. मला भीती वाटतेय तुमची.

भावजी : माझी?

वहिनी : तुमच्या डोळ्यांची. किती वर्षं या घरात तुम्ही असे बघताय, मला पत्ताच नव्हता. मी कढईत तेल किती घातलं त्यावरही काही ठरत असेल.

भावजी : वहिनी, मी घर तारण ठेवलंय.

वहिनी : कुठलं घर?

भावजी : हेच.

वहिनी : हे आईंच्या नावावर आहे.

भावजी : आईनंच कागद दिले.

वहिनी : आईंनी? त्या साध्या भिशीलाही पैसे देत नाहीत. तुम्ही काय सांगितलंत त्यांना? इकडे बघा. काय सांगितलंत?

भावजी : म्हटलं, वहिनींना विचारूनच करतोय.

वहिनी : भावजी!

भावजी : तुमच्या नावावर ती डोळे मिटून विश्वास ठेवते. माझ्या नावावर डोळे उघडूनही नाही.

वहिनी : आणखी कुणाला सांगितलंत असं?

भावजी : कामावर, दलालाच्या पेढीत. आमच्या शेठना. म्हटलं, घरची खबर आहे. त्यांनीही लावले. त्यांचं बघून आणखी चार जणांनी. काल बाजार बंद होताना कमी पावसाचा भाव असा चढला होता, की लोक माना वर करून फळ्याकडे बघत होते. आणि खिडकीबाहेर ऊन. बाजार पावसात भिजत नाही हो वहिनी, अंदाजात भिजतो.

वहिनी : आणि तो भाव कशावर चढला? माझ्या सिंकखालच्या बादलीवर.

भावजी : तुरुंग असतो याला. शेठ म्हणतात, खबर देणाऱ्यालाही तेवढाच.

वहिनी : पाणी हवंय मला. तो पेला द्या जरा. नाही, बादलीकडे बघू नका. माठातलं द्या.

आई : दार का लोटलंय गं? मला वाटलं वाऱ्यानं… कोण, बारक्या? आणि चपला घालून स्वयंपाकघरात! काल लादी पुसलीये तिनं.

भावजी : काढतो, आई.

आई : चेहरा बघ कसा झालाय. खाल्लंस काही? अगं, त्याला पोळी दे कालची, तुपाशी. बरं झालं आलास. तुझ्या त्या ओळखीच्या नळवाल्याला जरा फोन लाव. चार वेळा बोलावलं, मेला येतो म्हणतो आणि येत नाही. सिंकखालचा पाइप फुटलाय, बादली लावून लावून कंटाळले मी.

भावजी : काय?

आई : पाइप. त्याच्या सांध्यातून गळतंय. सारखी ती बादली उचलून ओता, उचलून ओता. माझी कंबर राहिली नाही आता. असा काय बघतोस? भूत बघितल्यासारखा.

भावजी : गळतीची बादली आहे ती?

आई : मग काय गंगाजलाची? सूनबाई तर बिचारी आठवडाभर ऑफिसातच. तिला वेळ कुठला भाजी धुवायला? मीच ठेवली तिथे.

भावजी : वहिनी…

वहिनी : माझ्याकडे बघू नका.

भावजी : म्हणजे ती तुम्ही ठेवलेलीच नाही. म्हणजे ती काहीच सांगत नाही.

वहिनी : मी काही बोललेले नाही.

भावजी : तुम्ही साठवत नव्हतात, म्हणजे पाऊस चांगला आहे? की साठवायला वेळच झाला नाही? वहिनी, पाठ का केलीत?

वहिनी : कारण माझा चेहराही तुम्ही वाचाल.

भावजी : पाठही वाचता येते. खांदे थरथरतायत तुमचे. ते माझ्यासाठी, की…

वहिनी : पुरे! एक अक्षर नाही आता. भिंतीशी बोला.

आई : काय चाललंय तुम्हा दोघांचं? अगं, तू रडतेस? याच्या सौद्याचं काही आहे का? तूच तर सांगितलंस ना त्याला कर म्हणून?

वहिनी : मी नाही सांगितलं, आई.

आई : हा म्हणाला…

वहिनी : ते खोटं होतं. त्यांनी ही बादली बघितली आणि त्यांना वाटलं, यंदा पाऊस कमी पडणार म्हणून मी पाणी साठवतेय. त्यावर हे घर लावलं. आता बाजारवाल्यांना संशय आलाय, की मी सरकारी अंदाज घरात फोडला. त्यांचा फोन आला होता.

आई : बादलीवर?

भावजी : आई, ऐक…

आई : बादलीवर घर लावलंस? तुझ्या बापानं त्या बाजारात जन्मभर घंटा वाजवली रे. रोज सकाळी उघडण्याची, रोज दुपारी बंद होण्याची. डोळ्यांसमोर माणसं श्रीमंत होताना पाहिली, भिकेला लागताना पाहिली, स्वतः एक पैसा लावला नाही. म्हणायचे, घंटा वाजवणाऱ्याचे हात रिकामे हवेत. आणि तू बादलीवर!

भावजी : बाबांचे दिवस वेगळे होते. तेव्हा लोक त्या इमारतीच्या पन्हळीखाली उभे राहून पैजा लावायचे, आज पन्हळ वाहणार की नाही. आता तसं नाही. आता सगळं रीतसर आहे, करार आहेत, नियम आहेत…

आई : आणि बादली आहे.

भावजी : आई, तू तरी वहिनींना सांग. फक्त एक शब्द. कमी की जास्त. मी बाजार उघडताच सौदा फिरवेन, घर वाचेल. तुझंच घर. त्या गप्प बसल्या तर आपण रस्त्यावर येऊ.

आई : सूनबाई, तुला माहीत आहे, आपलं घर राहणार की जाणार?

वहिनी : हो, आई.

आई : आत्ता, या घडीला माहीत आहे?

वहिनी : काल संध्याकाळी सही केली तेव्हापासून माहीत आहे. फक्त ते घराबद्दल आहे, हे आत्ता कळलं.

आई : आणि सांगणार नाहीस.

वहिनी : तुम्ही म्हणालात तर या घरातून आत्ता निघून जाईन. पण सांगणार नाही. आजवर मी कुणाला काही फोडलेलं नाही, एवढंच एक माझ्याजवळ उरलंय. आता मी बोलले, तर त्या गोड बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं खरं ठरेल.

आई : बाई गं, भीती वाटत नाही तुला?

वहिनी : वाटतेय, आई. खूप वाटतेय.

आई : बस इथे माझ्याजवळ. तुला घराबाहेर घालवणारी मी कोण? तूही बस रे. नाही, खुर्चीवर नाही, खाली. मला आठवू दे. तुझे बाबा काय म्हणायचे ते तीन टोल्यांचं?

भावजी : कसले टोले?

आई : उघडण्याची घंटा एकदाच वाजते ना? पण कधी कधी त्याआधी एखादा दलाल घंटेच्या चौथऱ्यावर यायचा. कठड्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणायचा, माझा सौदा खोटा आहे. मग तुझे बाबा तीन टोले द्यायचे आणि अख्खा बाजार गप्प व्हायचा. तो सौदा मोडायचा. त्याच्यामागून ज्यांनी ज्यांनी केले, तेही थांबवून ठेवायचे, तपासून होईपर्यंत.

भावजी : तो नियम आहे अजून. पुस्तकात आहे. पण माझ्या आठवणीत कुणी चढलेलं नाही त्या चौथऱ्यावर.

आई : तुझ्या बाबांच्या आठवणीत दोघं चढले. दोघांची नावं सांगायचे ते, टोपी काढून.

भावजी : आणि पुढे काय झालं त्यांचं, तेही सांगायचे का? पुन्हा कधी बाजाराची पायरी चढता येत नाही, आई. जन्मभर. आणि शेठ मला उभा चिरतील.

आई : पण घराचे कागद?

भावजी : सौदाच मोडला तर तारण सुटतं. दंड बसेल, तो माझा मी फेडेन. कागद परत येतील.

वहिनी : आईंचं ऐका, भावजी. घंटा व्हायच्या आत जा.

भावजी : थांबा. थांबा हं. तुम्ही मोडायला सांगताय, म्हणजे मी हरणार होतो. म्हणजे पाऊस भरपूर आहे!

वहिनी : देवा! नाही हो!

भावजी : नाही म्हणजे कमी आहे? मग मी जिंकतोय! मग मोडू कशाला?

वहिनी : भावजी, माझं नीट ऐका, आणि ऐकताना माझ्याकडे बघू नका. तुम्ही हरणार असतात तरी मी हेच म्हणाले असते. जिंकणार असतात तरीही हेच. यात पाऊस शोधू नका. यात फक्त मी आहे.

भावजी : आणि दुपारी अंदाज ऐकून कळलं, की मी जिंकलो असतो, तर?

वहिनी : तर तुम्ही मला जन्मभर माफ करणार नाही. तेही मी धरून चालले आहे.

(टेबलावरचा वहिनींचा फोन वाजतो.)

भावजी : कुणाचा आहे?

वहिनी : आमच्या संचालकांचा.

भावजी : कळलं असेल त्यांना. घेऊ नका.

वहिनी : घेते. … हो सर. … हो, माझे दीरच ते. … नाही सर, मी कुणाशीही बोललेले नाही. पण माझ्याकडून एक झालंय. … फोनवर सांगता येण्यासारखं नाही. सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि मग हसणार नाही. … मी इथून आधी शेअर बाजारात जातेय, तिथल्या दक्षता विभागात. तिथून तुमच्याकडे येते. … हो सर. माझ्या टेबलाच्या चाव्याही आणते.

आई : चाव्या कशाला?

वहिनी : त्यांनी मागितल्या.

भावजी : तुम्ही कशाला येताय बाजारात? मी जातो ना. चढतो त्या चौथऱ्यावर. एकटा.

वहिनी : तुम्ही तिथे काय सांगणार? बादली बघितली म्हणून? कोण विश्वास ठेवेल?

भावजी : आणि तुम्ही सांगितलंत तर ठेवतील? दोघं मिळून बादली घेऊन जाऊ या का, साक्षीदार म्हणून?

वहिनी : हसू नका. मलाही हसू येईल, आणि हसू आलं की मला रडू आवरणार नाही. आधीच्या दोन वर्षी ती मीच ठेवत होते, हे माझ्या तोंडून गेलं पाहिजे. तेवढं तरी खरं त्यांना कळू दे.

भावजी : नोकरी जाईल तुमची.

वहिनी : जाईल बहुतेक.

भावजी : आणि पुढच्या वर्षी अंदाज कोण करणार?

वहिनी : पाच-सहा जण असतात. तुम्हीच सांगितलंत ना त्या माणसाला. चला. आई, यांना शाळेत मी वाटेत फोन करते, तुम्ही काळजी करू नका.

आई : काळजी करू नका म्हणे. बारक्या, इकडे ये. वाक. कॉलर उलटी आहे तुझी. चौथऱ्यावर चढलास की बाबांसारखा सरळ उभा राहा, पोक काढू नको. आणि मोठ्यानं बोल, लोकांना ऐकू गेलं पाहिजे. तोंडातल्या तोंडात पुटपुटशील तर दुसऱ्यांदा बोलायला लावतील.

भावजी : आई, ते डोळ्यांचं ऑपरेशन…

आई : ऐकलं मी ते. गॅलरीत अर्धंमुर्धं ऐकू येतं, तेवढं आलं कानावर. नंतर बघू. जा आता, घंटा व्हायची.

वहिनी : चपला घाला, भावजी. जिन्यात दिवा गेलाय, कठडा धरून उतरा.

आई : अगं, थांब, थांब. बादली पुन्हा भरली बघ. हे पाणी काय करू? झाडांना घालू, की देऊ ओतून?

(भावजी दारातून मागे वळून वहिनींकडे बघतात.)

आई : अगं, तुला विचारतेय. झाडांना घालू?

वहिनी : भावजी, तुम्ही खाली उतरा आधी.